चर्चमधली न दिसणारी कामं: कशी करायची, कशी वाटायची, कधी खाली ठेवायची

बायबल वाचताना गणनाचं पुस्तक आलं की बरेच जण भराभर पानं उलटतात, आकडे आणि नावं कोण वाचत बसणार, पण त्यातला चौथा अध्याय एकदा निवांत वाचा. निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा तंबू, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला हलवायचा असला की कोणी काय उचलायचं याची ती यादी आहे. लेवी वंशातल्या तीन घराण्यांपैकी कहाथींनी कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या अशा पवित्र वस्तू न्यायच्या, गेर्षोनींनी पडदे न्यायचे, आणि मरारीच्या वंशजांच्या वाट्याला काय आलं तर फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा आणि दोऱ्या. म्हणजे तंबूच्या खुंट्या! कोश उचलणाऱ्यांची गोष्ट संडे स्कूलमध्ये मुलांना सांगतात, खुंट्या उचलणाऱ्यांची मी तरी कधी ऐकली नाही.

पण देवाने त्या खुंट्यांसाठी काय काय व्यवस्था लावली ते बघा. एकेका वस्तूचं नाव घेऊन ती नेमून द्या असं सांगितलं, म्हणजे "कोणीतरी आणेल" हा प्रकारच नाही. वयाची मर्यादा घातली, तीस ते पन्नास, म्हणजे मरेपर्यंत राबायचं नव्हतं. आणि सातव्या अध्यायात सरदारांनी सहा गाड्या आणि बारा बैल आणले तेव्हा गेर्षोनींना दोन गाड्या आणि चार बैल मिळाले, मरारींना चार गाड्या आणि आठ बैल मिळाले, आणि कहाथींना एकही नाही, कारण त्यांचं ओझं खांद्यावरून न्यायचं होतं. सगळ्यात जड आणि सगळ्यात रुक्ष काम ज्यांचं, त्यांना सगळ्यात जास्त गाड्या.

आता आपल्याकडे काय होतं? खुर्च्या लावणारा, साऊंड बघणारा, टॉयलेट धुणारी, हिशोब लिहिणारा, आजारी माणसांना फोन करणारी, या सगळ्यांना वर्षातून एकदा स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवतात, "यांचं प्रतिफळ स्वर्गात आहे" असं म्हणतात, आणि सोमवारपासून परत तीच पाच माणसं तेच काम करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की टाळ्या राहू दे, गाडी-बैल द्या. कसे द्यायचे ते खाली लिहितोय. काम करणाऱ्यांसाठी पण आहे आणि करून घेणाऱ्यांसाठी पण.

आधी यादी काढा, आणि चालत काढा

मीटिंगमध्ये बसून यादी केली की फक्त मोठमोठी नावं येतात, वर्शिप टीम, मीडिया टीम, हॉस्पिटॅलिटी वगैरे. तसं करू नका. उपासना संपली की वही घेऊन मुख्य दरवाज्यापासून सुरुवात करा आणि चालत जा. कुलूप कोण उघडतं, किल्ली कोणाकडे असते, दुसरी किल्ली कुठे आहे, लाईट आणि पंखे कोण लावतं, पाण्याची टाकी भरली का ते कोण बघतं, टॉयलेटमध्ये साबण आहे का, व्हीलचेअर आली तर रॅम्पवर कोणी स्कूटर लावून ठेवलीय का, प्रभुभोजनाचे पेले कोणी धुतले आणि पुसून वाळवून कुठे ठेवले, गाण्यांच्या स्लाइड कोणी बनवल्या, मागच्या आठवड्यात आलेल्या नवीन कुटुंबाला कोणी फोन केला, कचरा कोण नेऊन टाकतो. एका साध्या चर्चमध्येसुद्धा अशी चाळीस-पन्नास कामं सहज निघतील.

प्रत्येक कामापुढे तीनच गोष्टी लिहा: कोण करतं, अजून कोणाला येतं, आणि हे झालं नाही तर कधी कळेल. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. माईक बंद पडला तर दोन सेकंदात सगळ्यांना कळतं. पण एक म्हातारी बाई तीन रविवार आली नाही आणि कोणी फोन केला नाही, हे कळायला कधीकधी सहा महिने लागतात. जी कामं उशिरा कळतात ती सगळ्यात आधी दुर्लक्षित होतात, म्हणून त्यांच्यावर गोल करून ठेवा.

"अजून कोणाला येतं" हा रकाना भरताना मजा येते. बहुतेक ठिकाणी रिकामा असतो, आणि पहिल्या रकान्यात एकच नाव अकरा वेळा येतं. ते नाव ज्या माणसाचं आहे त्याला यादी दाखवायच्या आधी पाळकांना दाखवा.

ही काही आधुनिक मॅनेजमेंटची थेरं आहेत असं कोणी म्हणालं तर त्याला १ इतिहास ९ वाचायला द्या. तिथे २१२ द्वारपाळांचा उल्लेख आहे, रोज सकाळी दार उघडायची जबाबदारी कोणावर ते लिहिलंय, आणि उपासनेची भांडी मोजून आत आणायची आणि मोजून बाहेर न्यायची असंही लिहिलंय. मोजून! स्टोअररूमला रजिस्टर ठेवा म्हटलं की "भाऊ, इथे विश्वासाने चालतं" म्हणणारे भेटतात ना, त्यांच्यासाठी. आणि त्याच अध्यायात गायकही आहेत. गाणारे आणि किल्ली सांभाळणारे एकाच यादीत.

काम शिका, नुसती तयारी दाखवू नका

"प्रभू, मला वापर" म्हणणं सोपं आहे पण प्रभूने वापरायचं तर काहीतरी येत असलं पाहिजे. निर्गम ३१ मध्ये देवाने बसालेलला आपल्या आत्म्याने भरलं ते कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ, लाकूड, खोदकाम, असल्या कारागिरीसाठी. त्यामुळे हातातलं काम नीट करायला शिकणं हे कमी आत्मिक आहे असं मला कोणी सांगू नये.

साऊंडचंच घ्या, कारण तिथे नवीन मुलं लगेच घुसतात. पहिल्या महिन्यात त्यांना मिक्सरला हात लावू देऊ नका, केबल गुंडाळायला शिकवा. कोपर आणि पंजाभोवती गरागरा गुंडाळलेली केबल आतून पिळली जाते, आणि मग कधीतरी ऐन प्रार्थनेत खरखर सुरू होते. एक वेटोळं सरळ, पुढचं उलट, असं घालत गेलं की केबल पिळत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. दोनतीनदा हातातून सुटेल, मग हाताला सवय होते. कनेक्टरपाशी केबल कधी मोडून ठेवायची नाही, बहुतेक बिघाड तिथेच होतो. चालू करताना आधी मिक्सर आणि मग स्पीकर किंवा अ‍ॅम्प, बंद करताना बरोबर उलटं, म्हणजे तो "धप्प" आवाज येऊन अर्धी मंडळी दचकत नाही. वायरलेस माईकचे सेल उपासनेच्या आधी बदलायचे, मधे नाही, आणि अर्धवट वापरलेले सेल नव्यांच्या डब्यात परत टाकायचे नाहीत (हा डबा म्हणजे चर्चमधल्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे). बोलणारा माईक छातीपाशी धरून बोलत असेल तर तुम्ही मिक्सरवर गेन (माईकची पातळी) वाढवत बसता आणि मग शिट्टी वाजते, त्यापेक्षा आधीच त्याला जवळ जाऊन सांगा, हनुवटीपाशी धरा म्हणून. हे सांगायला जीभ जड होते, खासकरून पाहुणे वक्ते असले की, पण तेच तुमचं काम आहे.

स्लाइडवाल्यांना एकच नियम: गाणाऱ्यांच्या पुढे राहा. ओळ संपल्यावर स्लाइड बदलली तर मंडळी अडखळते, शेवटचा शब्द चालू असतानाच बदलायची. अक्षर किती मोठं ठेवायचं ते लॅपटॉपवर ठरवू नका, शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि बघा. आणि शुद्धलेखन तपासा. गाण्यात चुकीचा शब्द पडद्यावर आला तर दोनशे माणसं तो चुकीचाच गातात.

स्वच्छतेचं काम शिकायची गरज नसते असं वाटतं, पण असते. वरून खाली, कोरडं आधी आणि ओलं नंतर, आणि टॉयलेट शेवटी, तिथला कपडा दुसरीकडे वापरायचा नाही. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांच्या हातात लांब दांड्याचा मॉप द्या. बघा, हा झाला एक बैल.

पैशाचं काम एकट्याने करू नका, कितीही प्रामाणिक असलात तरी

इथे मी जरा कडक आहे. अर्पण मोजायला कायम दोन माणसं, एका घरातली नकोत, नवराबायको नकोत, बापलेक नकोत. त्याच दिवशी, त्याच इमारतीत मोजायचं, घरी न्यायचं नाही. आकडा कागदावर लिहून दोघांनी सही करायची, आणि बँकेत भरल्याची पावती तिसऱ्याने त्या कागदाशी ताडून बघायची. जो हिशोब लिहितो त्याने एकट्याने पैसे मोजायचे नाहीत. झालं, एवढंच, पण हे एवढंसुद्धा बऱ्याच ठिकाणी होत नाही कारण "आपल्या खजिनदारावर संशय घेतो की काय" असं वाटतं.

संशयाचा प्रश्नच नाही. यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी गोळा केलेली वर्गणी न्यायची होती तेव्हा पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक भाऊ पाठवला, आणि २ करिंथ ८ मध्ये स्वतःच कारण सांगितलं, की कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, आणि आम्ही प्रभूच्या दृष्टीनेच नाही तर माणसांच्याही दृष्टीने चांगलं ते करायला बघतो. पौलाला साक्षीदार लागत होते तर आपल्याला लागायला हरकत नसावी. उलटं उदाहरण हवं असेल तर शिष्यांची थैली एकाच माणसाच्या, यहूदा इस्कर्योताच्या हातात होती, आणि तो त्यातले पैसे चोरायचा असं योहान १२ मध्ये लिहिलंय.

दोन सह्यांचा फायदा सगळ्यात जास्त प्रामाणिक माणसाला होतो. उद्या कुजबुज सुरू झाली तर त्याच्याकडे कागद असतो.

मुलांच्या वर्गाचंही तसंच. एका खोलीत मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, दाराला काच असावी नाहीतर दार उघडं, कोण आलं कोण गेलं याचं रजिस्टर, ज्याने सोडलं त्याच्याच ताब्यात मूल द्यायचं, आणि कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहून भिंतीवर न लावता शिक्षकांच्या फाईलमध्ये ठेवायचं. याच्यात सवलत नाही. दुसरं माणूस आलं नाही तर त्या दिवशी वर्ग बंद आणि मुलं आईवडिलांजवळ बसतील, थोडा दंगा होईल, होऊ दे.

तुमचं काम कागदावर उतरवा

पडद्यामागे काम करणाऱ्या माणसाला एक सूक्ष्म मोह असतो आणि तो स्टेजवाल्यांच्या मोहापेक्षा वेगळा असतो. "माझ्याशिवाय हे चालत नाही" हा तो मोह. वरून नम्रता असते, मी काय साधा माणूस, मागे उभा असतो, पण पासवर्ड फक्त मलाच माहीत, फ्यूज कुठला उडतो फक्त मलाच माहीत, आणि मी गावाला गेलो की सगळ्यांची धावपळ होते आणि मनातल्या मनात बरं वाटतं. हा अहंकारच आहे, फक्त मागच्या दाराने आलेला.

यावर औषध म्हणजे एक पान. तुमच्या कामाचं एकच पान, आजच लिहा: किती वाजता यायचं, काय क्रमाने करायचं, सामान कुठे असतं, बिघडलं तर कोणाला फोन करायचा, आणि लोक नेहमी कुठे चुकतात. पासवर्ड पानावर नको, ते मंडळीच्या वडिलांपैकी (एल्डरांपैकी) दोघांकडे बंद पाकिटात. लिहून झालं की हे काम कधीच न केलेल्या माणसाला ते पान द्या आणि तुम्ही हाताची घडी घालून बाजूला उभे राहा. तो जिथे अडेल तिथे तोंडाने सांगू नका, पानावर लिहा. दुसऱ्या वेळेला तो एकटा करू शकला म्हणजे पान बरोबर आहे.

बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) मिशनचं नाव घेतलं की मिशनरी विल्यम कॅरी आठवतो, १८११ चा मराठी नवा करार तिथेच छापला गेला. पण छापखाना चालवणारा होता विल्यम वॉर्ड, आणि अक्षरांचे ठसे कोरणारे होते पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली, कागद गेला, टाइप वितळला, कॅरीची कित्येक हस्तलिखितं गेली. पण राखेतून पोलादी ठसे शाबूत निघाले आणि वितळलेला धातूही मिळाला, त्यामुळे परत अक्षरं ओतता आली आणि थोड्याच आठवड्यांत छपाई परत सुरू झाली. भाषांतर करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर असतं, पण आग लागल्यावर कामाला आला तो ठसा, जो एकाने कोरला आणि दुसऱ्यांना वापरता आला. तुमचं ते एक पान तसलंच काहीतरी आहे.

मार्थाला बसायला जागा द्या

लूक १० मध्ये येशू घरी येतो तेव्हा मार्था कामात गुंतते आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते. ती मार्था म्हणजे मागे राबणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यात मारायचा दगड झालाय. "मार्था होऊ नका, मरीया व्हा" असं प्रवचन ऐकायचं आणि ते संपलं की भांडी कोणी घासायची, तर परत मार्थानेच. नीट वाचलं तर येशूने तिला काम केलं म्हणून नाही टोकलं, ती चिंतेने दगदगली होती आणि बहिणीवर चिडली होती म्हणून टोकलं. योहान १२ मध्ये ती परत वाढतेच आहे आणि कोणी काही बोलत नाही.

पण मुद्दा खरा आहे की जो कायम मागे असतो तो वचन ऐकत नाही. साऊंडवाल्या मुलाला विचारा मागच्या रविवारी संदेश कशावर होता, तो म्हणेल आवाज चांगला होता. हे गमतीचं नाही. म्हणून रोटा (पाळ्यांचा तक्ता) असा बनवा की प्रत्येक जण महिन्यातून किमान दोन रविवार काहीही न करता मंडळीत बसेल. "काहीही न करता" म्हणजे खिशात किल्ली पण नको. सुरुवातीला त्याला चुळबुळ होईल, पाच मिनिटांनी मागे वळून बघेल. बसू दे.

रोटा बनवताना लोकांना "जमेल तेव्हा या" म्हणू नका, त्याने जे नेहमी येतात तेच येतात. तारखा द्या, दोन महिन्यांच्या एकदम, आणि अदलाबदल आपसात करा असं सांगा, म्हणजे सगळे फोन एकाच माणसाला येणार नाहीत. आणि काम देताना खरं सांगा: किती तास, किती महिने, काय त्रास आहे. "छोटंसं काम आहे" म्हणून गळ्यात मारलेलं काम छोटं कधीच नसतं.

आवडीबद्दल पण एक सांगतो. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता, बरीच वर्षं स्वयंपाकघरात होता आणि नंतर चपला दुरुस्त करायच्या कामावर. भांडीकुंडी करतानासुद्धा देवाच्या सान्निध्यात राहायचं यासाठी लोक त्याला ओळखतात. पण स्वयंपाकघराचं काम मुळात त्याला अजिबात आवडायचं नाही हे कोणी फारसं सांगत नाही. मला हे कळलं तेव्हा हायसं वाटलं. टॉयलेट धुताना आनंद व्हायलाच पाहिजे असं काही नाही. नीट धुतलं म्हणजे झालं.

आभार कसे मानायचे

"उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये" हे वचन काम करणाऱ्याने स्वतःला लावायचं असतं. पुढाऱ्यांनी ते दुसऱ्याला लावलं की ते आभार न मानायचं निमित्त होतं. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पंचवीसेक माणसांची आठवण काढलीय, आणि नुसती नावं नाहीत, मरीयेने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले, त्रुफैना आणि त्रुफोसा प्रभूमध्ये श्रम करतात, असं बऱ्याच जणांचं काय ते लिहिलंय. सुरुवात फिबीपासून आहे, तिनेच ते पत्र रोमला नेलं असं मानतात. आणि मधेच २२ व्या वचनात ज्याने ते पत्र हाताने लिहून काढलं तो तर्तिय स्वतः डोकं वर काढून म्हणतो, माझाही सलाम घ्या. पौलाने ते ठेवलं, खोडलं नाही.

तर आभार मानायचे ते तसे, कामाचं नाव घेऊन. "सर्व स्वयंसेवकांचे आभार" याचा कोणालाच उपयोग नाही. "गेले तीन रविवार पाऊस असताना तू जिन्यावर पायपुसणी टाकलीस, कोणी घसरलं नाही" हे बोला, आणि माईकवर नाही, जवळ जाऊन. काही लोकांना माईकवर नाव घेतलेलं अजिबात चालत नाही, त्यांना विचारून घ्या. यापोची दुर्कस गेली तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले झगे पेत्राला दाखवत होत्या, प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये आहे. ती परत उठली, म्हणून ठीक. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कामाची यादी पहिल्यांदा अंत्यविधीच्या वेळीच वाचली जाते आणि नात्यातले लोक म्हणतात आम्हाला माहीतच नव्हतं.

आणि आभारांपेक्षा मोठं म्हणजे निर्णयात जागा. नवीन हॉल घ्यायचाय, वेळ बदलायचीय, परिषद भरवायचीय, तर साफसफाईवाल्या बाईला आणि पार्किंगवाल्या मुलाला मीटिंगला बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तेव्हा जे सात निवडले, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, ही सगळी नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. निवडताना अट काय, तर नावलौकिक चांगला, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. जेवणाच्या पंगती बघायला! आणि सगळ्यांसमोर हात ठेवून प्रार्थना केली. संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी आपण समर्पणाची प्रार्थना करतो, तशी किल्ली सांभाळणाऱ्यासाठी का करत नाही हे मला अजून कळलेलं नाही.

दमलात तर

१ शमुवेल ३० मध्ये अमालेक्यांनी दावीदाचं सिकलाग गाव जाळलं, बायकापोरं नेली आणि दावीद सहाशे माणसं घेऊन त्यांच्या मागे लागला, तेव्हा बसोर ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकले की ओढा ओलांडवेना. ते सामानाजवळ राहिले. जिंकून परत आल्यावर काही लोक म्हणाले यांना लुटीतलं काही द्यायचं नाही, फक्त बायकापोरं घेऊन जा म्हणावं. दावीदाने ऐकलं नाही, लढायला गेलेल्याचा जेवढा वाटा तेवढाच सामान राखणाऱ्याचा, असा नियमच करून टाकला. आपण हा भाग सामान राखणाऱ्यांच्या सन्मानासाठी वापरतो ते बरोबरच आहे, पण ते दोनशे लोक सामान राखायला नेमलेले नव्हते, थकलेले होते. थकलेल्याचा वाटा कापायचा नाही, हा त्यातला अर्धा भाग कोणी सांगत नाही.

थकल्याची लक्षणं ओळखा. उशिरा येणाऱ्यांचा राग यायला लागतो. कोणी मदतीला आलं तर "राहू दे, मीच करतो" असं तोंडातून निघतं. दुसऱ्याने लावलेल्या खुर्च्या तुम्ही परत सरळ करता. उपासनेला जायचं म्हटलं की शनिवारी रात्रीच पोटात गोळा येतो. यातलं दोन-तीन होत असेल तर प्रार्थना कराच पण पाळकांना तारीख पण सांगा: "मी अमुक महिन्याच्या शेवटपर्यंत करेन, मग तीन महिने नाही." कारणं द्यायची गरज नाही. तारीख दिली नाही तर "हो हो, बघू कोणीतरी" असं म्हणून दोन वर्षं जातात, पैजेवर सांगतो.

पाळक असाल आणि कोणी असं सांगायला आलं तर पहिलं वाक्य "मग आता कोण करणार" हे नको. फार वाईट लागतं ते. आधी बसवा, विचारा, ऐका, आणि कोण करणार ते नंतर तुमच्या वडिलांच्या सभेत बघा.

सोडणाऱ्याने शेवटचे तीन-चार रविवार नव्या माणसाबरोबर काढायचे, पहिल्यांदा तुम्ही करा तो बघेल, नंतर तो करेल तुम्ही बघा, आणि शेवटच्या वेळी तुम्ही हॉलमध्ये बसा आणि फोन सायलेंटवर टाका. तो तुमच्यासारखं करणार नाही. खुर्च्यांची रांग थोडी वाकडी येईल. सुचवायचं असेल तर महिन्याने सुचवा, एकदाच.

आणि कोणीच पुढे आलं नाही तर? मग ते काम थांबवा. खरंच. तुम्ही परत धावत जाऊन हातात घेऊ नका. एक महिना ते होऊ दे बंद, मग चर्चला कळेल की ते लागतं की नाही. लागत असेल तर माणसं मिळतात, आणि या वेळी गाडी-बैलासकट मिळतात. आणि काही कामं अशी निघतील की बंद पडल्याचं कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, ती वहीतून खोडून टाका.